काळी बाजू खाली

अकोल्याच्या आमच्या कचेरीत एक टायपिस्ट होते; ते रोज कोणाला तरी न मागता सल्ला द्यायचे. "कार्बनची काळी बाजू खाली ठेवजा भाऊ, नाहीतर फायलीची प्रत कोरी राह्यते." वीस वर्षांत त्यांची एकही प्रत कोरी निघाली नव्हती.

एकदा साहेबांनी त्यांना माझ्याविरुद्ध मेमो टाइप करायला दिला. फायलीत त्याची प्रत लागली असती, तर माझी बढती गेलीच होती. साहेबांनी सही केली. कागदाची पाठ कोण पाहतं! मेमो माझ्या हाती आला, तेव्हा त्याच्या पाठीवर सगळी अक्षरं उलटी उमटली होती. फायलीत कोरा कागद लागला.

"हे काहून झालं?" मी हळूच विचारलं.

"म्हनून तं सांगून राहिलो ना भाऊ," टाइपरायटरवर नवा कागद चढवत ते म्हणाले, "काळी बाजू खाली ठेवजा."