पाठीवरची बटणं

तुम्ही पाठीवर बटणं लावलेला माणूस पाहिलाय का कधी? मी आठ वर्षं दर रविवारी पाहिला. बटणं मीच लावायचे.

वाकोल्यातल्या आमच्या बालनाट्य मंडळीत कपडे माझ्याकडे असत. मुलांच्या एका जुन्या गोष्टीवरचं आमचं नाटक. त्यातले उलटराव कोट उलटा घालायचे, घरात शिरताना "येतो हं" म्हणायचे, आधी लाडू खाऊन मग वरणभात मागायचे. उलटरावांचं काम करायचे आमच्याच चाळीतले सावंत, एरवी गोदामात कारकून. उलटरावांचे किस्से मुद्दाम जमवावे लागले नाहीत. आपोआप साठले.

*

कुर्ल्याच्या प्रयोगात बटण तुटलं, मी सेफ्टीपिन लावली. सावंत खुर्चीत बसले आणि हातभर उडाले! मुलं हसून लोळली. दिग्दर्शक म्हणाले, पिन कायम ठेवा.

सावंत मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, न टोचणारी लावा. उडी मी मारतो."

*

एकदा गावाहून त्यांची आई नाटकाला आली. मध्यंतरात थेट माझ्याकडे. "माझ्या झिलाक आधी भात घाला गो. लाडू मगे!"

*

सांताक्रूझला बसमध्ये एका मुलीने त्यांना ओळखलं. मग आईला म्हणाली, "हे खोटे आहेत. शर्ट सरळ आहे."

सावंतांनी उभ्या उभ्या शर्ट काढला, उलटा घातला आणि कंडक्टरकडे पाठ केली. त्याने शांतपणे सगळी बटणं लावली.

"झालं. आता पुढे सरका."

*

मग त्याच गोष्टीवर टीव्हीची मालिका निघाली. मालिकेची माणसं दोनदा नाटक बघून गेली, माझ्याकडून कोटाची मापं घेतली. सावंतांनी गोदामात रजा सांगून ठेवली. पण काम दुसऱ्याला मिळालं, तरुण होता.

पहिला भाग रविवारी सकाळी लागला. चाळीतली सगळी मुलं आमच्या घरी जमली. सावंतही आले, दाराशी बसले. टीव्हीतल्या उलटरावांचा कोट सरळ होता, पुढे सोनेरी बटणं. मुलं एकदाही हसली नाहीत.

"बरो करता," सावंत टीव्हीकडे बघत म्हणाले. मग घरी जाऊन आपला कोट घेऊन आले आणि सगळ्यांसमोर माझ्या हातात दिला. "ठेवून द्या, वहिनी. आता पोरांचा उलटराव टीव्हीतलाच."

मी कोट घडी करून ट्रंकेत ठेवला. मुलं उठून आपापल्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीतली अकरा मुलं शर्टाची बटणं पाठीवर लावून, सावंतांच्या दारावरून शाळेत गेली.