मयताच्या बातम्या लिहिणारा पेंटर

पेंटर शेंगांची टरफलं खिशात घालायचा. माझं बांबूचं दुकान सौंसरच्या स्मशानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. खाली आधीच एवढा कचरा असतो की दोन टरफलांनी काही बिघडलं नसतं. पण तो म्हणायचा, "इथं कोणी हसत येत नाही, भाऊ. झाडून ठेवत जाय." आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काही केलं असेल तर हे. दुपारी बांबूच्या ढिगावर बसून भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या. तो उठला, दोन्ही खिसे फुगलेले, आणि सायकल ढकलत घरी गेला. त्यानंतर मी त्याला चालताना पाहिलं नाही.

तुम्ही सौंसरचे असाल तर तुम्हीही त्याला पाहिलं असेल. आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आलं आणि त्याचा ब्रश वाळला. उरला बस स्टँडजवळचा काळा फळा. कोण वारलं, मयत कुठून निघणार, किती वाजता, हे त्या फळ्यावर तो खडूनं लिहायचा. हे काम त्याला कोणी दिलं नव्हतं, आणि कोणाच्या बापात काढून घ्यायची हिंमतही नव्हती.

घरात कोणी गेलं की माणूस आधी माझ्याकडे येतो, तिरडीचे बांबू न्यायला. तिथं पेंटर बसलेलाच असायचा. आलेल्याला पहिला सवाल त्याचा, "पूर्ण नाव सांगा." बाई गेलेली असली की लोक म्हणायचे, अमक्याची आई.

"आई त्याची. बाईचं नाव काय?"

तिथं भले भले अडकायचे. मुलं एकमेकांच्या तोंडाकडे पाहायची. पेंटर खडू धरून उभाच.

दुसऱ्या दिवशी फळा पुसावा लागायचा, नवं नाव लिहायला. ते त्याला बरं वाटायचं नाही. म्हणून एका कॉम्प्युटरवाल्याकडून त्यानं इंटरनेटवर एक जागा करून घेतली. तो कॉम्प्युटरवाला पुढं दुकान बंद करून कुठं गेला, देव जाणे. पण जागा चालू राहिली. प्रत्येक माणसाचं एक पान. नाव, गाव, दिवस, आणि खाली एक ओळ. "एकच लिवाची," पेंटर म्हणायचा. "दुसरी लिवली की माणूस खोटं बोलाले लागते." एका मास्तरच्या पानावर होतं, 'छडी मारली, पण नाव कोणाचं विसरले नाहीत.' एका मोठ्या शेठच्या पानावर होतं, 'आवाज मोठा होता.' शेठच्या मुलांनी भांडण केलं. पेंटर म्हणाला, "दुसरं काही असंल तं सांगा, बदलतो." मुलं विचार करत घरी गेली, ती आली नाहीत.

पुण्याला, नागपूरला, सुरतेला गेलेले आपले लोक सकाळी उठून आधी ते पाहायचे. गावात कोण गेलं.

माझी बायको गेली तेव्हा त्यानं मलाही सोडलं नाही. "पूर्ण नाव सांग." सांगितलं. "एक ओळ?" मी चौथी शिकलेला, मला काय सुचणार. म्हटलं, तूच लिव. त्यानं सदऱ्याच्या टोकानं मोबाईल पुसला, जसा फळा पुसायचा, आणि लिहिलं, 'दुकानात आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायच्या.' मी हे रोज पाहत होतो आणि मला दिसलं नव्हतं. मग रोज सकाळी दुकान उघडलं की मी ते पान उघडायचो. वाचायला कितीसा वेळ लागतो. वाचून मग माठ भरायचो.

त्या जागेचं नाव मी इथं लिहीत नाही. साधा मराठी शब्द होता, तुमच्या आमच्या घरात बोलतात तो. लिहिला तर तुम्ही मोबाईलवर टाकाल आणि त्या कंपनीच्या दुकानात जाऊन पडाल. मला त्यांना एक गिऱ्हाईकही द्यायचं नाही.

कंपनी कुठल्या मोठ्या शहरातली, काचेच्या इमारतीतली. त्यांनी तोच शब्द आपल्या धंद्याला ठेवला आणि वर रजिस्टर करून घेतला. एक दिवस त्यांच्या माणसाचा फोन आला. पेंटरनं आवाज मोठा करून मलाही ऐकवला.

"सर, आम्ही अंत्यविधीच्या क्षेत्रात काम करतो."

"मीबी करतो," पेंटर म्हणाला.

"आम्ही कम्प्लीट सर्व्हिस देतो, सर. सामान, गाडी, पंडित, खांदेकरी."

"खांदेकरी कोठून आणता?"

"आमची ट्रेन केलेली टीम आहे, सर."

पेंटरनं फोनवर हात ठेवला. "खांदा द्याची ट्रेनिंग कशी असंल बे? खाली पाडू नका, एवढंच ना?"

त्या माणसाला नाव विकत पाहिजे होतं. पेंटर म्हणाला, "त्याच्यावर माणसं आहेत, बावा. त्याइले कुठं नेऊ?" तो म्हणाला, सर, ते तर एक्स्पायर झालेले आहेत ना. पेंटरनं फोन ठेवला. असली माणसं कंपनीला कुठून मिळतात कोण जाणे. यांना आईबाप नसतात, की असून एक्स्पायर होतात?

गावातही शहाण्यांची कमी नव्हती. विकून टाक, म्हणत होते. ज्यांच्या बापाची पानं त्यावर होती तेच म्हणत होते.

मग नोटीस आली. कागदावर नाही, मोबाईलवर. इंग्रजीत, पानंच्या पानं. आमच्या वकिलानं वाचून सांगितलं, हे आपल्या कोर्टातलं नाही. अशा नावांची भांडणं परदेशातले पंच सोडवतात, सगळं कागदावरच चालतं. वीस दिवसांत उत्तर द्यायचं. वकील भला माणूस. आठवडाभर बसून त्यानं उत्तर तयार केलं. पेंटर आधीपासून हे नाव चालवतो, त्यात धंदा नाही, ही पाहा पानं. फक्त सही राहिली.

त्या दिवशी पित्तर पाख लागला होता.

आता नीट वाचा, कारण हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. पेंटर सही करायला निघाला होता. त्याला थांबवलं मी. म्हटलं, "पितरं घरी आलेली असताना नव्या कागदावर सही करून राहिला? आन् तेबी मेलेल्या माणसांच्या कामात? घट बसू दे. मंग कर."

"मुदत सर्वपित्रीच्या आधी सरते, भाऊ."

"वाढून भेटते. माह्या वावराच्या केसले चौदा वर्सं तारखाच भेटून राहिल्या."

त्यानं पेन परत खिशात ठेवला. मग म्हणाला, "तू म्हणतं तं थांबतो." वकिलानं दोनदा बोलावलं, तो गेला नाही. घट बसले त्या दिवशी सकाळी आंघोळ करून, कपाळाला कुंकू लावून, सही करायला गेला. वकिलानं डोक्याला हात लावला.

पंचांनी तारीख वाढवली नाही. उत्तर वेळेत आलं नाही म्हणून कंपनीचं म्हणणं खरं धरलं आणि नाव तिला देऊन टाकलं. पेंटरनं वकिलाकडून निकाल मराठीत करून घेतला. त्यात लिहिलं होतं, या इसमाचा त्या नावावर काही हक्क नाही आणि त्यानं ते वाईट हेतूनं धरून ठेवलं. पंचानं सौंसर नकाशातही पाहिलं नसेल. पेंटर त्या एका शब्दापाशी अडकला. दोनतीनदा मला विचारलं, "वाईट हेतू म्हंजे, भाऊ? मी कोणाचं वाईट लिवलं?"

पानांची दुसरी नक्कल ठेवायची असते, हे आम्हा दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. एका सकाळी मी दुकान उघडलं, बायकोचं पान उघडलं, तर एक पोरगी दात काढून हसत होती. खाली लिहिलं होतं, आम्ही आपली काय मदत करू? मी म्हातारा माणूस, मोबाईलवर थुंकलो.

तेवढ्यात पेंटर आला. टोपी घालून, चप्पल बाहेर काढून, जसं आपण मयताच्या घरी जातो तसा. खाली जमिनीवर बसला. म्हणाला, "भाऊ, वहिनीचं पान गेलं. माह्या हातून गेलं."

माझ्या तोंडून तेव्हाच निघायला पाहिजे होतं. मी म्हटलं, "चहा घे."

मग तो घरोघर निघाला. ज्या ज्या घरचं माणूस त्या पानांत होतं त्या प्रत्येक घरी, सायकलनं, लांबच्या गावाला बसनं. बसायचा आणि सांगायचा, तुमच्या माणसाचं पान गेलं, मी आळस केला, सही वेळेवर केली नाही. रामाकोन्यात एकानं त्याला दारातच दोन शब्द सुनावले. ते दुकानात येऊन लोकांनी मला हसत सांगितलं, म्हातारा कामातून गेला म्हणून. मी ऐकून घेतलं. कंपनीला शिव्या द्यायला मला कधी कमी पडलं नाही, दिवसभर देत होतो. शिव्या देत बसलं की दुसरं काही बोलावं लागत नाही.

शेंगा खाल्ल्या त्याच रात्री तो झोपेत गेला. बांबू मी निवडले. खांदा द्यायला गाव होतं, ट्रेनिंग कोणाचीच नव्हती, पण कोणी खाली पाडलं नाही. त्याची बायको मला म्हणाली, "लोधीखेड्याचे तीन घरं राहिलेत म्हणत होते. तेवढी त्याइची इच्छा राहिली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं नाही. पहिल्या बसनं लोधीखेड्याला गेलो. पहिल्या घरी एक बाई अंगण सारवत होती. तिच्या नवऱ्याचे बांबू माझ्याच दुकानातून गेले होते, तिनं मला ओळखलं. मी उभ्यानंच सांगितलं, "तुमच्या मालकाचं पान माह्यामुळं गेलं. पेंटरनं आळस केला नाही. थांब म्हणणारा मी होतो."

तिनं हातातला शेणाचा गोळा बादलीत टाकला. "आन् पेंटरभाऊ?"

"गेला. काल जाळला."

ती उठून उभी राहिली. मग म्हणाली, "तो दारोदार बोलणे खाऊन राहिला होता, तवा तुमी कोठी होते, बावाजी?"

"दुकानात," मी म्हटलं.

ती हात धुवायला आत गेली, ती बाहेर आली नाही. अजून दोन घरं होती. मी शेजारच्या गल्लीत वळलो आणि विचारत विचारत निघालो.