सत्यशीलाताईचं मंजन

माझी मोठी बहीण सत्यशीला घाबरट आहे, असं स्टील प्लांटच्या वसाहतीत, तिच्या सेक्टर सहामध्ये, कुणाला सांगितलं तर लोक मलाच वेड्यात काढतील. विहारात पौर्णिमेला माइक हातात घेऊन "बायांनो, लाजू नका, तपासून घ्या" असं ठणकावून सांगणारी बाई ती. नऊ वर्षांपूर्वी तिला गर्भपिशवीचा कॅन्सर झाला. रायपूरला जाऊन मशीनखाली किरणांचे शेक घेतले, अंगात नुसती हाडं उरली, आणि त्यातून ती उठली. उठल्यावर भाऊजींनी, म्हणजे धोंडबांनी, अख्ख्या विहाराला खीर खाऊ घातली. धोंडबा प्लांटमध्ये कोक ओव्हनला आहेत, भट्टीपुढे उभा राहणारा माणूस, पण त्या दिवशी पातेल्याशेजारी लहान पोरासारखे रडले. तेव्हापासून कुणा बाईच्या पोटात दुखलं की लोक म्हणतात, सत्यशीलाबाईले विचारा.

मी मात्र तिची सख्खी बहीण. दुर्गला रेल्वे कॉलनीत राहते, मनात आलं की तिच्याकडे येऊन धडकते. तिची भीती मला माहीत आहे. ती भीती तिच्या न्हाणीघरात राहायची. रोज सकाळी ताई कडी लावून आत जायची आणि कपड्यावर लाल काही दिसतं का ते उजेडात धरून बघायची. पांढऱ्याशिवाय दुसऱ्या रंगाचा परकर तिने नऊ वर्षं नेसला नाही. बाहेर आली की तिच्या चेहऱ्यावरून मला कळायचं, आजचा दिवस सुटला. मग ती मागच्या दाराच्या पायरीवर बसायची, गुडाखूची डबी उघडायची आणि तंबाखू-गुळाचा तो काळा लगदा बोटाने हिरड्यांवर निवांत फिरवत राहायची. तेवढाच काय तो तिचा आराम.

यंदा होळीनंतर गेले तर मी तिच्यासाठी तिखटजाळ रस्सा केला. पूर्वी घाम पुसत दोन वाट्या प्यायची. त्या दिवशी ताटात दहीभात कालवत बसली.

"काय वं ताई, माह्या हातची चव गेली का तुह्या जिभेची?"

"उष्णता झाली थोडी. ओठाच्या आतून झोंबते."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून असंन."

मी ताट सरकवलं आणि सरळ तिची हनुवटी धरली. लहानपणी ती माझी धरायची तशी. ती मान झटकत होती, पण मी काही सोडणारी नव्हे. खालचा ओठ उलटा केला. आत डाव्या बाजूला पांढरट चट्टा होता, भिंतीचा पोपडा सुटावा तसा, आणि त्याच्या मधोमध लालभडक जखम. मी ओठ सोडला.

"त्याच्यावर काय लावून राहिली तू?"

"तूप लावलं. मंजन केलं का बधिर होते, मंग दिवसभर बरं वाटते."

"म्हणजे दुखते म्हणून गुडाखू अजून जास्त घासून राहिली?"

"कावून वरडतं? मंजन हाय ते."

यावर आमचं भांडण जुनं आहे. दर पौर्णिमेला ही बाई विहारात पंचशील म्हणते, पाचवं शील नशेचं, आणि घरी येऊन डबी उघडते. मी चिडवलं की म्हणायची, नशा दारूची, तंबाखूची. मंजनाला कोण नशा म्हणतं? दात साफ होतात, पोट साफ होतं. खुर्सीपारपासून जामुलपर्यंत कुठल्याही दारात सकाळी बघा, निम्म्या बाया बोट तोंडात घालून बसलेल्या. इथे गुडाखू "खात" नाहीत, "करतात", जसं तोंड धुतात तसं. आमची ताई त्यातलीच. ती खोटं बोलत नव्हती, तिला खरंच तसं वाटत होतं. यालाच मी जास्त भीत होते.

मी म्हटलं, उद्या डॉक्टरकडे. तशी ती एकदम खचली. विहारातला तो खणखणीत आवाज कुठे गेला कोण जाणे.

"सुनिता, नको वं. माह्या अंगात आता दम नाई. परत ते रायपूर, परत ते मशीन. आन् बाया काय म्हणतीन? इच्या भरवशावर आपण तपासाले गेलो आन् हिलेच परत धरलं. उद्यापासून एक बाई जाणार नाई." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाली, "रोज मी खालीच पाहून राहिली ना. तिकडं तर काईच नाई. मंग हे तोंडात कुठून येईन?"

नऊ वर्षं तिने एकच दार राखलं होतं. दुसरं दार आहे हे तिच्या गावीच नव्हतं. मी तिला चुचकारलं, शिव्या घातल्या, शेवटी भाऊजींना सांगते म्हणून धमकी दिली. ती धमकी लागू पडली. भाऊजींना परत तसं रडताना बघायची तिची तयारी नव्हती.

हॉस्पिटलात डॉक्टर खुशबू म्हणून तरुण मुलगी होती, ताईच्या लेकीच्या वयाची. जुने कागद चाळत तिने विचारलं, "अम्मा, तंबाखू, गुटखा, कुछ लेती हो?"

"नहीं बेटा, कभी नहीं," ताई म्हणाली. इतकी ठाम की क्षणभर माझाही विश्वास बसला. इतकी वर्षं दर तपासणीला तिने हेच उत्तर दिलं होतं, आणि विचारणाऱ्याने ते खरं मानून लिहून घेतलं होतं.

डॉक्टरने बॅटरीचा उजेड टाकून तोंडात बघितलं. ताईचे दात तपकिरी झालेले. डॉक्टर हळूच म्हणाली, "और गुड़ाखू?"

"वो तो मंजन है बेटा."

ती पोरगी रागावली नाही. बॅटरी विझवून खुर्ची पुढे ओढून बसली आणि सांगायला लागली. गुडाखू म्हणजे तंबाखूच, गुळात कालवलेला. ज्या बाईला पिशवीचा कॅन्सर झालाय तिला पुढे दुसऱ्या जागी, अगदी वेगळा, नवा कॅन्सर व्हायचा धोका इतर बायकांपेक्षा जास्त असतो. त्यात तंबाखू म्हणजे तो धोका आणखी वाढवणं. पहिला बरा झाला याचा अर्थ शरीराला आता माफी मिळाली, असा नाही. ताई तिच्या तोंडाकडे बघत होती, पण ऐकत होती की नाही मला सांगता येत नाही. तिने पदराचा कोपरा मुठीत इतका आवळला होता की नखं पांढरी पडली होती. मग डॉक्टरने चट्ट्याचा एक तुकडा काढून तपासायला पाठवला.

ते मधले दिवस मी तिच्याकडेच राहिले. डबी मी नालीत फेकली. ताई पहाटे उठून पायरीवर रिकामं बोट हिरडीवर फिरवत बसायची आणि मी दिसले की हात मागे घ्यायची. न्हाणीघरात जायची ती आता बाहेरच येईना. मी दार ठोठावलं तर आतून म्हणायची, "आली वं, आली." बाहेर आली की भिंतीवरच्या आरशासमोर ओठ ओढून उभी. भाऊजी प्लांटच्या पाळीवरून आले की आम्ही दोघी उगाच जोरजोराने भाजीपाल्याचं बोलायचो. मला रात्री झोप नव्हती, कारण तिचा पहिला आजार मी पाहिला होता, आणि तसा दुसरा बघायची मला खरंच भीती वाटत होती.

रिपोर्ट आला त्या दिवशी भाऊजींना सांगावंच लागलं. तेही बरोबर आले. डॉक्टर खुशबूने गोल गोल बोलणं टाळलं. कॅन्सर होता. छोटा होता, लवकर सापडला होता, ऑपरेशनने निघेल अशी आशा होती. भाऊजींनी भिंतीला हात टेकला.

"जुना वापस आया क्या?" ताईने विचारलं.

"नहीं अम्मा. ये दूसरा है. नया."

ताईने मान हलवली. मला वाटलं आता ती कोसळणार, म्हणून मी तिचा दंड धरला. पण ती रडली नाही. डॉक्टरकडे बघत तिने विचारलं, "बेटा, जो लड़की पाँच साल से मंजन करती है, उसको भी होता है क्या?"

"किसी को भी हो सकता है. कौन करती है?"

ताई उठून बाहेर आली, भाऊजी आत ऑपरेशनचं विचारत थांबले. बाहेर बाकावर बसल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "स्नेहलले मीच लावून देल्लं. पहिल्या खेपेले तिले लय वकाऱ्या होत होत्या. मी म्हणलं, थोडं मंजन कर, बरं वाटंन. माह्याच बोटानं लावलं वं सुनिता."

स्नेहल तिची एकुलती एक लेक, जामुलला दिलेली. ताईने तिथेच बाकावरून व्हिडिओ कॉल लावला. स्नेहल ओल्या हातानेच फोनवर आली. "काय म्हणाले वं आई डॉक्टर?"

"ते राहू दे. खिडकीपाशी जाय. उजेडात उभी राह्य. खालचा ओठ ओढ."

"कावून?"

"ओढ म्हणलं ना!"

स्नेहलचा चेहरा बदलला. खिडकीशी गेली, फोन तोंडाजवळ आणला आणि ओठ खाली ओढला. चित्र हलत होतं. आम्ही दोघींनी डोकं डोक्याला लावून त्या एवढ्याशा काचेत बघितलं.

"पांढरं दिसते का वं? माह्या डोयाले काईच दिसून नाई राहिलं," ताई म्हणाली. तिचे डोळे भरून वाहत होते.

मला ओली हिरडी दिसत होती, आणि तिच्या खाली काहीतरी फिकट. खिडकीचा उजेड होता की दुसरं काही, मला कळेना. ओठ तसाच ओढून धरल्यामुळे स्नेहलला धड बोलता येत नव्हतं.

"आई, काय दिसते?" तिने तोंड न मिटता विचारलं. मी फोन डोळ्यांच्या आणखी जवळ नेला, आणि ती ओठ धरून आमच्याकडे बघत उभी होती.