गिअरबॉक्स बसवणारे मिस्त्री

दोन्ही तळवे गिअरबॉक्सच्या पोटाखाली लावायचे, मान कलती करायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "बोल्टानं ओढायचं नाय. आपणहून येऊ दे."

सातपूरच्या आमच्या गॅरेजच्या शेडमध्ये मिस्त्रींना हे करताना मी दहा-बारा वर्षं पाहिलं. मी तिथला वायरमन. गाड्यांचं वायरिंग, दिवे, बॅटरी माझ्याकडे. ते इंजिन-गिअरबॉक्सचं काम बघायचे. आम्ही सगळे त्यांना नुसतं मिस्त्री म्हणायचो, आणि तेही मला वायरमनच म्हणत.

तुम्ही कधी क्लचचं काम चाललेल्या गाडीपाशी उभे राहिला असाल, तर पाहिलं असेल. इंजिन जागेवर असतं आणि गिअरबॉक्स खालून जॅकवर उचलून त्याला जोडायचा असतो. गिअरबॉक्सच्या तोंडातून एक दातेरी शाफ्ट बाहेर आलेला असतो. तो क्लच प्लेटच्या मधल्या दातेरी भोकात शिरला पाहिजे. आत काही दिसत नाही. बोटभर अंतर राहतं आणि तिथंच अडतं. घाईतला माणूस मग बोल्ट लावून आवळत सुटतो. मिस्त्री थांबायचे. इंजिन पान्यानं जरासं फिरवायचे, पुन्हा तळवे लावायचे. काही वेळानं गिअरबॉक्स अलगद आत सरकायचा. ते डोळे उघडायचे आणि बिडी मागायचे.

एकदा एक गिऱ्हाईक त्यांच्या डोक्यावर उभं राहून दर पाच मिनिटांनी "झालं का?" विचारत होतं. मिस्त्रींनी स्टूल पुढे सरकवलं. "साहेब, तुम्ही आधी बसा. तुम्ही बसलात की गिअरबॉक्सपण बसंल." तो माणूस बसला, आणि खरंच दोन मिनिटांत काम झालं. त्यानंतर स्टुलावर कुणी टेकलं की शेडमध्ये कुणीतरी म्हणायचंच, "बसला बघा गिअरबॉक्स!"

त्यांचं घर कळवणजवळच्या एका खेड्यात. ते सातपूरला खोली घेऊन राहत आणि शनिवारी संध्याकाळी एसटीनं घरी जात. सोमवारी डब्यात त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी दिलेल्या बाजरीच्या भाकरी आणि ठेचा असायचा. साखरेचा आजार जुना होता, पण गोळ्यांची आठवण केली की म्हणायचे, "लय ऐकतो मी तुमचं," आणि विषय संपवायचे.

एका दुपारी मी त्यांच्या शेजारी हेडलाइटची वायर जोडत होतो. करपल्याचा वास आला. मला वाटलं शॉर्ट झालं. पाहतो तर मिस्त्रींचा डावा हात गरम सायलेन्सरवर टेकलेला, आणि ते दुसऱ्या हातानं निवांत नट सोडवत होते. मी ओरडलो तेव्हा त्यांनी हात काढला. तळव्याकडे बघत राहिले, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

"मिस्त्री, तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं की," ते म्हणाले. "थोडं उशिरा कळलं." मग हळू आवाजात, "कुणाला बोलू नको."

मी बोललो नाही. आज वाटतं, बोलायला हवं होतं.

त्या पावसाळ्यानंतर सिन्नरहून एक गृहस्थ गाडी घेऊन आले. त्यांच्या आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागायचं आणि गाडीचा क्लच पार गेला होता. मिस्त्री गाडीखालच्या खड्ड्यात उतरले. नवी प्लेट बसवली, गिअरबॉक्स उचलला, तळवे लावले, डोळे मिटले. बराच वेळ गेला. मग त्यांनी बोल्ट लावून आवळले. शाफ्ट बसला असं त्यांना वाटलं होतं. तो बसला नव्हता.

टक्‌कन आवाज आला. गिअरबॉक्सच्या पुढच्या खोळीचा, जिथं बोल्ट बसतो तो कान तडकला होता.

शेडमालक वाकून बघून गेले. "वेल्डिंग मारून घेऊ. गिऱ्हाईकाला काय दिसतंय?"

मिस्त्री खड्ड्यातून वर आले. चिंधीला हात पुसले आणि सगळ्यांच्या देखत त्या गृहस्थांपुढे जाऊन उभे राहिले.

"साहेब, माझ्या हातानं तुटलं. वस्तू चांगली होती. माझ्या बोटांना आता समजत नाय."

ते गृहस्थ एवढंच म्हणाले, "परवा आईला न्यायचंय हो."

"परवा गाडी मिळंल."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री स्वतः भंगार बाजारात फिरून तशीच खोळ घेऊन आले. ती बदलून झाल्यावर त्यांनी मला हाक मारली. "वायरमन, खड्ड्यात उतर. आज तुझे हात दे."

मी गिअरबॉक्सला तळवे लावले. ते पुढे इंजिनपाशी पाना धरून बसले.

"हलव. काय लागतंय?"

"अडतंय."

"वर अडतंय का खाली?"

असं मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मी डोळे मिटले. "खाली. थोडं डावीकडं."

"जॅक एक दात वर घे. आता मी इंजिन फिरवतो. तू नुसता धरून ठेव."

"जोर लावू?"

"अजिबात नाय. जोर लावलास तर हाताला काय ऐकू येणार?"

त्यांनी पाना तसूभर फिरवला, आणि माझ्या हातातलं ते अवजड धूड एकदम हलकं होऊन आत गेलं.

"बसला!" मी ओरडलो.

"ते मला दिसतंय. कसं वाटलं ते सांग."

मी विचार करून म्हणालो, "ओल्या हातातून साबण सुटतो ना, तसं."

"हां," ते म्हणाले. "तसंच. तसंच असायचं." आणि बराच वेळ तोंड फिरवून बसले. गाडी वेळेवर सिन्नरला गेली.

पुढचे चार-पाच महिने आम्ही असंच काम केलं. हात माझे, बाकी सगळं त्यांचं. मग त्यांच्या पायाला जखम झाली. तीही त्यांना उशिराच कळली. गावी गेले ते परत आले नाहीत. एका सकाळी त्यांच्या पुतण्याचा फोन आला.

दहाव्यानंतर मी वणीवरून कळवणला गेलो, तिथून जीपनं त्यांच्या गावी. काकूंनी चहा दिला. ओसरीवर मिस्त्रींच्या शर्टांची चळत होती, कुणाकुणाला देण्यासाठी काढलेली. प्रत्येक शर्टाची खालची बटणं लावलेली, फक्त गळ्याशी दोन उघडी.

"दोन वर्षांपासून बटण लावता येत नव्हतं त्यान्ला," काकू म्हणाल्या. "मी आठवड्याचे शर्ट असे लावून द्यायची. तिकडं डोक्यातनं घालायचे. मला म्हणायचे, गॅरेजात अजून कुणाला माझ्या हातांचा पत्ता नाय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नव्हता ना भाऊ कुणाला?"

"नाही काकू," मी म्हणालो. "कुणालाच नव्हता."

त्यांनी मान हलवली. मग वरचा शर्ट मांडीवर घेतला आणि एकेक बटण सोडायला लागल्या.