कोपरा नसलेलं खुराडं

'घाबरू नका, बोला' अशी आमची पत्रकं वाटत मी राजूरच्या शिवारात गेले होते. तिथे शेतावर एकटी राहणारी ती बाई भेटली. बल्ब लावलेल्या पेटीतली गिनी कोंबडीची पिल्लं ओच्यात घेऊन ती बाहेरच्या खुराड्यात सोडत होती. खुराड्याचे चारही कोपरे तिने पोती कोंबून गोल केले होते.

"भ्याले की कोपऱ्यात एकमेकांवर चढतेत, पोरी. खालचे दबून मरतेत."

"मग इतकी भित्री जात पाळता कशाला, मावशी?"

"वरडतेत म्हणून. गावातला एक जण रोज सांजंला बांधावर येऊन बसतो. कुत्रं त्यानं भाकर टाकून आपलंसं केलं. ह्या मोठ्या झाल्या की कुणाला बी वरडल्याबिगर सोडत न्हाईत."

मी भडकले. "पोलिसांत चला. आत्ताच!"

"गेल्ते. एकटी कशाला राहती, म्हणले."

इतक्यात बांधावर मोटारसायकल थांबली. पिल्लं कडेकडेने गोल पळत सुटली. तिने माझं मनगट धरलं आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "कोण हाय रे?"

मोर्च्यांत घोषणा देणारी मी पत्रकं छातीशी धरून तिच्यामागे सरकले.

मोटारसायकल निघून गेली. "ह्यांना कंठ फुटंस्तोवर मलाच वरडायचंय," ती म्हणाली.

तो उद्याही येणार होता. मी मात्र जाफराबादच्या परतीच्या जीपमध्ये बसले.