ग्लेनिसने सांगितलेली जागा

ऑस्ट्रेलियातल्या डनॉली गावात धातू शोधायचं यंत्र घेऊन सोनं शोधणारे तीस-चाळीस जण असतील. त्यात जागा निवडावी ती ग्लेनिस ट्रेव्हेलाने, हे बेकरीत पेस्टी खाता खाता सगळे मान्य करायचे आणि वर हेही म्हणायचे, की ती कुठे जाते हे तिच्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक नाही.

निवृत्त होईपर्यंत सत्तावीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. सकाळी पोरं उतरवली की दुपारच्या फेरीपर्यंत पाच तास मोकळे. नवरा लवकर गेला होता, मुलगी पर्थला. ते पाच तास ती रानात काढायची. नव्या जागेवर पहिले दोन दिवस तर ती यंत्र गाडीतच ठेवी आणि नुसती चालत राही. पांढऱ्या गारगोटीचे तुकडे गंजक्या दगडांत कुठे मिसळलेत, उतार कुठे सैल पडतो, चिकणमाती किती वर आली आहे, दीडशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी कुदळ कुठे मारली आणि कुठे कंटाळून सोडली, हे बघत. मग तिसऱ्या दिवशी कानाला हेडफोन लावून यंत्राच्या बारीक गुणगुणीत जरासा चढउतार होतो का, ते ऐकत फिरायची.

अशीच तिला अकरा वर्षांपूर्वी ती घळ सापडली. कुठल्याही नकाशात तिचं नाव नव्हतं. एकतीस ग्रॅमचा तिचा सगळ्यात मोठा सोन्याचा गोळा तिथलाच. घळीच्या अंगाला जुन्या खाणकामगारांनी खणलेल्या सात विहिरी होत्या, माणूस जेमतेम मावेल एवढ्या तोंडाच्या आणि सरळ खाली गेलेल्या. चार उघड्या. तीन कुजक्या फळ्या, साली आणि पाचोळ्याखाली दडलेल्या. ग्लेनिसच्या पायांना त्या सातही पाठ होत्या. तिथे रंगीत पट्टी बांधावी असं तिच्या कितीदा तरी मनात आलं होतं. पण पट्टी लांबून दिसते, आणि पट्टी दिसली की माणसं येतात. म्हणून तिने बांधली नाही.

मार्चमध्ये शेजारच्या घरात रेन्झो बोर्टोलीन आणि त्याची बायको इनेस राहायला आले. रेन्झोने मेलबर्नमध्ये जन्मभर फरश्या बसवल्या होत्या. गुडघे पार गेलेले, पण हौस दांडगी. आल्या आल्या त्याने महागातलं यंत्र घेतलं आणि कुंपणापाशी येऊन सरळ विचारलं, "ग्लेनिस, कुठे जाऊ?"

असं कुणी विचारत नसतं, आणि विचारलंच तर कुणी खरं सांगत नसतं. रेन्झो शहरातला, त्याला हे कुठून माहीत असणार? ग्लेनिसने त्याला क्रिकेटच्या मैदानापलीकडचा माळ सांगितला. बुलडोझरने तीनदा उकरलेला, सपाट, एकही विहीर नसलेला. या गुडघ्यांच्या माणसाला तीच जागा बरी, अशी तिने स्वतःची समजूत घातली. ती खोटी नव्हती. पूर्ण खरीही नव्हती.

रेन्झो महिनोन् महिने त्या माळावर जात राहिला. संध्याकाळी कुंपणावरून मिळकत दाखवायचा. चौकोनी खिळे, बंदुकीचे छर्रे, घोड्याचा नाल.

"आज चमचा मिळाला बघ," एकदा म्हणाला. "उद्या बशी मिळेल. डिसेंबरपर्यंत जेवायला बसता येईल."

ग्लेनिस हसली, पण त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

जूनमधल्या एका गुरुवारी दुपारी साडेतीनला इनेस फाटकाशी आली. हाताला पीठ तसंच.

"रेन्झो दोनला जेवायला येणार होता. फोन लागत नाहीये."

"रानात लागतच नाही गं. यंत्रात गुंतला असेल."

"जेवण चुकवणारा माणूस नाहीये तो."

दोघी ग्लेनिसच्या गाडीतून माळावर गेल्या. तिथे रेन्झोची पांढरी व्हॅन नव्हती. ग्लेनिस उतरून चिखल बघत फिरली. चाकांचे ताजे माग नव्हते. तो आज इथे आलाच नव्हता.

"काल काहीतरी बोलला होता," इनेस म्हणाली. "म्हणाला, ग्लेनिसच्या चाकांना तांबडा चिखल असतो आणि माळावरची माती तर पिवळी आहे. आयुष्यभर फरश्यांचे रंग जुळवले ना त्याने. मी म्हटलं, असेल, तुला काय करायचंय."

ग्लेनिसने आपल्या गाडीच्या चाकांकडे बघितलं. त्या भागात तांबडी माती होती ती फक्त घळीकडे जाणाऱ्या वाटेवर, आणि मंगळवारी पाऊस झाल्यामुळे तिच्या चाकांचे माग त्यात स्वच्छ उमटलेले असणार. शोधणाऱ्याला आणखी काही लागणारच नव्हतं.

"आणखी कुठे गेला असेल?" इनेसने विचारलं.

"बघू," ग्लेनिस म्हणाली.

तिने इनेसला घरी सोडलं. दोर घ्यायचाय, बॅटरी घ्यायची आहे, असं सांगून ती आपल्या स्वयंपाकघरात गेली आणि किटली चढवून ओट्याशी उभी राहिली. गाडी बंद पडली असेल. शेजारच्या बिअलिबा गावाकडे गेला असेल. असं एकेक ती मनात मांडत होती आणि एकही पटत नव्हतं. आपण एकटंच जाऊन यावं, हळूच शोधून आणावं, म्हणजे कुणाला काही कळणार नाही. पण सापडला आणि खाली असला तर? चौसष्टाव्या वर्षी एका दोराने ती कुणाला वर काढणार होती? पोलिसांना सांगायचं तर जागा सांगावी लागणार. त्यांच्याबरोबर बचावपथकाचे लोक येणार, आणि त्यातले निम्मे स्वतःच सोनं शोधणारे. किटली उकळून बंद झाली. तिने चहा केलाच नाही. घड्याळाकडे लक्ष गेलं तेव्हा घरी येऊन पंचवीस मिनिटं झाली होती. हिवाळ्याचे दिवस, सव्वापाचला उजेड जाणार होता.

तिने ठाण्यात फोन लावला. फोन घेतला तो पोलीस, डर्मट, आठ वर्षं तिच्या बसमधून शाळेत गेलेला.

"बोला मिसेस ट्रेव्हेला. बस सुटली का माझी?"

"डर्मट, रेन्झो बोर्टोलीन सापडत नाहीये. तो कुठे असेल ते मला माहीत आहे."

"कुठे?"

तिने किटली बाजूला सारली. मग तिने सांगितलं. डांबरी रस्ता सोडून डावीकडे, दुसरं फाटक, तिथून मेंढ्यांच्या वाटेने झाडीत, तांबडी माती ओलांडून.

"तिथे काय आहे?"

"सात विहिरी आहेत. तीन झाकलेल्या."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "आमच्याकडे तर तिथे एकीचीही नोंद नाही," डर्मट म्हणाला. "तुम्ही फाटकापाशी थांबा. एकट्या आत जाऊ नका."

इनेसला तिने बरोबर घेतलं. फाटकाच्या आत पांढरी व्हॅन उभी होती, पुढच्या सीटवर डब्यात सोललेलं संत्रं. इनेसने तो डबा उचलून मांडीवर घेतला आणि झाकण लावलं. ती तिथेच बसून राहिली.

नारिंगी कपड्यांतले सहा स्वयंसेवक आणि डर्मट पंधरा मिनिटांत आले. ग्लेनिस पुढे, बाकीचे तिच्या मागे एका ओळीत.

"मी जिथे पाय ठेवते तिथेच ठेवा," ती म्हणाली. "बाजूला सरकू नका."

पहिल्या विहिरीपाशी काही नव्हतं. दुसरीत बॅटरीचा झोत टाकला, तळाशी नुसते दगड दिसले. तिसरी, चौथी. झाडांच्या बुंध्यांतून ऊन आडवं येत होतं आणि दर पावलाला तिला वाटत होतं, पुढे पाचोळा आत गेलेला दिसेल. हाका मारून सगळे थांबले तेव्हा तिने हात वर केला.

"गप्प राहा जरा."

कुणाला काही ऐकू येत नव्हतं. तिला येत होतं. एक बारीक, सलग गुणगुण, वर्षानुवर्षं कानात साठवलेली. रेन्झो हेडफोन लावत नसे, त्याला कानाशी काही नको असायचं. यंत्र चालू होतं. वीस पावलांवर ते एका खोडाशी आडवं पडलेलं दिसलं आणि त्याच्या पुढे, पाचवीच्या जागी, एक ताजं काळं तोंड.

ग्लेनिस पोटावर झोपून कडेपर्यंत सरकली. डर्मटने तिचे घोटे धरले.

"रेन्झो?"

आत थोडी माती घरंगळली. मग खालून आवाज आला, खोकल्यासारखा.

"हळू बोल. ओरडलं की माती पडते."

चार मीटरवर फळ्या आणि राडारोडा अडकून एक ओटा झाला होता, त्यावर तो होता. पाय अंगाखाली चुकीच्या बाजूला वळलेला. ओट्याखाली आणखी किती खोल होतं, ते बॅटरीच्या उजेडातही कळलं नाही.

"इनेस कुठे आहे?" त्याने विचारलं.

"गाडीत. तू हलू नकोस."

"हलतोय कसला. सकाळी अकरापासून हललो नाहीये."

तिपाई, कप्पी, पट्टे लावून त्याला बाहेर काढायला पावणेदोन तास गेले. तेवढा वेळ ग्लेनिस एका दगडावर बसून होती. कुणीतरी तिच्या अंगावर ब्लँकेट टाकलं. तिला फळ्या करकरल्याचा आवाज दोनदा आला, आणि दोन्ही वेळा तिने मोजलं, की ती पंचवीस मिनिटं आधी आली असती तर आत्तापर्यंत तो वर असता.

पाय दोन ठिकाणी मोडला होता. बेंडिगोच्या रुग्णालयात त्यात सळई घातली. तिसऱ्या दिवशी ग्लेनिस भेटायला गेली तेव्हा रेन्झोच वरमलेला.

"तुझ्या मागावर गेलो, चुकलंच माझं. तू रागावली असशील."

"माळ तुला मी मुद्दाम सांगितला होता," ती म्हणाली. "तिथे काही नाही हे मला माहीत होतं. आणि त्या विहिरींवर पट्टी बांधली नाही तीही मुद्दाम."

रेन्झो छताकडे बघत राहिला. "चमच्यावरून मला कळायला हवं होतं," तो म्हणाला. तेवढंच. त्याने तिचा हात धरला नाही, आणि तोंडही फिरवलं नाही.

त्या रात्री इनेसच्या स्वयंपाकघरात दोघी बसल्या होत्या. इनेसने कॉफी ओतली आणि साखर ढवळता ढवळता म्हणाली,

"माळावरून परत आलो तेव्हाच तुला कळलं होतं ना?"

"हो."

"मी खिडकीत उभी होते. तुझी गाडी दारातच होती. फार वेळ."

ग्लेनिसने आपला कप तसाच खाली ठेवला. इनेसने आपला कप संपवला, धुतला, पालथा घातला.

"सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी मला बेंडिगोला जायचंय," ती म्हणाली. "मला त्या रस्त्यावर गाडी चालवता येत नाही. तू नेशील."

तो प्रश्न नव्हता. ग्लेनिसने मान डोलावली.

सरकारी लोकांनी येऊन सातही विहिरींना कुंपण घातलं. नंतरच्या शनिवारी फाटकापाशी नऊ गाड्या होत्या. कुणाला तरी आठ ग्रॅमचा गोळा मिळाला आणि त्याने बेकरीत तो सगळ्यांना दाखवला, ग्लेनिसलाही. तिने चांगला आहे म्हटलं. ती स्वतः त्या घळीत पुन्हा गेली नाही.

ऑगस्टअखेर रेन्झो कुबड्यांवर हिंडू लागला. एका सकाळी ती त्याला गाडीत घालून उत्तरेकडच्या एका रानात घेऊन गेली. जुन्या नकाशावरून निवडलं होतं, दोन दिवस चालूनही झालं होतं. गारगोटी होती, उतारही बरा होता. तरी ती गाडीजवळ उभीच राहिली, यंत्राला हात न लावता. पूर्वी जमीन बघितली की पोटातून एक होकार यायचा. आता प्रत्येक पाचोळ्याच्या ढिगाकडे बघितलं की खाली फळ्या असतील का, हेच आधी मनात यायचं.

रेन्झोने काच खाली केली. "इथे आहे का काही?"

"माहीत नाही," ग्लेनिस म्हणाली.

"खरं सांगतेस का?"

"खरंच माहीत नाही, रेन्झो."

मागच्या सीटवरून थर्मास काढून त्याने दोन कपांत कॉफी ओतली. ग्लेनिसने कप घेतला आणि समोरच्या उतारावर पहिलं पाऊल कुठे टाकायचं ते ठरवत उभी राहिली.