सवतीचं फूल

आई, निघाले त्या पहाटे सायली तुझ्या मांडीवर झोपली होती. मी तिची गोधडी सारखी करायला गेले तर तू हळूच म्हणालीस, "हात नको लावू. उठली तर तुझं निघणं होणार नाही." मग दारात म्हणालीस, "नवऱ्याजवळ चाललीस. वाडीतल्या बायका जळतायत तुझ्यावर." खोटं कशाला लिहू, मला तेव्हा बरं वाटलं होतं.

पुढचं फोनवर बोलायची लाज वाटते, म्हणून लिहितेय.

इथे ओमानच्या उंच डोंगरावर, जबल अख्दरला, अर्बाबचा, म्हणजे मालकाचा, बंगला आहे. हे बागेत, मी किचनमध्ये, मागे आमची एक खोली. लग्नानंतरची वर्षं फोनवर गेली, आता संध्याकाळी दोघं बसून चहा तरी पिऊ, असं मला वाटलं होतं. पण ह्यांची संध्याकाळ आधीच दुसरीला दिलेली. पिओनी म्हणतात तिला. कमरेएवढं झुडूप, खोड लाकडी, मॅडमनी चीनमधून मागवलेलं. फूल म्हणे ताटाएवढं येतं.

ह्यांनी ती कोकणातल्या हाताने लावली होती, पोफळीला करतात तसं आळं करून, भरपूर पाणी सोडून. मुळं कुजायला लागली. मॅडम ओरडल्या. मग मी आले त्याच महिन्यात तिला उपटून उंचवट्यावर लावलं. तेव्हापासून हे मातीत बोट खुपसून बघणार, उन्हाला जाळी ओढणार. थंडीत पानं गळून नुसत्या काटक्या राहिल्या की कोणी गुलाबासारखी छाटू नये म्हणून राखण करणार. माझा चहा गार.

"फुलत का नाही ओ ही?" मी एकदा विचारलं.

"जागा बदलली की रुसते. दोन-तीन वर्षं तरी. घाई करायची नसते."

"जागा मीपण बदललीय. मला दुसऱ्याच दिवशी चुलीपुढे उभं केलंत."

हे हसले. "तुझं काय, तू कुठेही रुजशील."

कौतुकच होतं ते, पण कुसळासारखं टोचत राहिलं. मला रुसायला कोणी सवड दिली नव्हती. मी तिला सवत म्हणायला लागले. त्यावरही हे हसायचे.

यंदा तिला कळी धरली, एकच. आणि नेमकं तेव्हाच ह्यांना मामंजींच्या वर्षश्राद्धाला गावी यावं लागलं. मला रजा नव्हती. निघताना 'जपून राहा' म्हणतील असं वाटलं. म्हणाले, "माती सुकल्याशिवाय पाणी घालू नकोस." मग तुझ्याकडे आले, सायलीला जवळ घेऊन व्हिडिओ कॉल केला. ती तुला आई म्हणते आणि मला ओमानची आई. मी हसले, पण आई, तुझ्यावरसुद्धा जळले. आणि ह्यांचं आपलं एकच, "फोन जरा खाली धर, खोड दिसू दे."

ह्यांनी सांगितलं म्हणून मी रोज सकाळी तिच्याकडे जायला लागले. मग सांगितल्याशिवाय जायला लागले. एका सकाळी ती उघडलेली. फिकट गुलाबी, रेशमी कापड चुरगळून ठेवल्यासारखी. बघणारी मी एकटी. ह्यांना फोन लावायला घेतला आणि ठेवला. म्हटलं, थोडा वेळ माझ्या एकटीची असू दे.

दुपारी मॅडमची बहीण कात्री घेऊन बागेत आली. चार माणसांत मान वर न करणारी मी, तिच्या आडवी उभी राहिले. "ला, मॅडम, ला," नको म्हणायला एवढंच अरबी सुचलं.

"यल्ला, हटो," मागून मॅडम म्हणाल्या, रागाने नाही. "फूल है, काटने के लिए ही होता है."

कापलं. त्यांचीच बाग.

संध्याकाळी ह्यांना फोनवर सांगितलं. म्हणाले, "राखली मी, आणि झाडावर बघितलीस तू." आवाजात जळफळाट होता. माझ्यासाठी ह्यांना कधी असं जळताना ऐकलं नव्हतं, तरी गोड वाटलं, या वेळी जळायची पाळी ह्यांची होती.

फूल आता हॉलमध्ये आहे. पाहुणे फोटो काढतात, आणि किचनच्या दारातून बघताना माझ्या पोटात दुखतं. आपल्या अंगणातली जास्वंद शेजारच्या काकी न विचारता तोडायच्या, तेव्हा असंच दुखायचं. इथे कशासाठीच कधी दुखलं नव्हतं, कारण सगळं त्यांचं. आता दुखतंय. म्हणजे मीही इथे घर केलं असणार, त्यांच्या बागेत, कोणाला न विचारता.